परदेशची नोकरी आणि परतीची वाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला बोलायला उभे राहायचे म्हणजे माझ्यासारखीला धास्तीच. दरवर्षी इथे कोणी विदुषी येतात आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी माझी मागची रांग सोडवली. "तुम्ही हाँगकाँगला राहून आलात, तिकडचे काही सांगा," एवढाच त्यांचा आग्रह. तिकडच्या उंच इमारती आणि बाजार यांविषयी ऐकायला मिळेल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर आधीच क्षमा मागते. मी सांगणार आहे ती तिथे परक्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या फिलिपिनो बायकांची हकीकत. घर सोडून गेलेल्या माणसाने परत कधी यावे आणि आल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न त्या बायकांइतका रात्रंदिवस मनात घोळवणारे दुसरे कोणी मी पाहिले नाही. आपल्यापैकी निम्म्याजणींची मुले आज कुठे कुठे आहेत ते आठवा, म्हणजे विषय फार दूरचा वाटणार नाही.

आधी त्या देशाविषयी थोडे सांगते. फिलिपीन्स म्हणजे सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनचे राज्य, मग १८९८ पासून अमेरिकेचे, आणि १९४६ साली स्वातंत्र्य. पोटासाठी समुद्र ओलांडणे त्यांना नवे नाही. १९०६ साली १५ माणसे उसाच्या मळ्यांत राबायला हवाई बेटांवर गेली, तेव्हापासून ही वाट पडली. पण आज आपण पाहतो तो लोंढा सुरू झाला १९७४ नंतर. तेलाच्या किमती भडकून अरब देशांत पैसा आला होता, तिथे बांधकामाला माणसे हवी होती; इकडे देशात बेकारी होती. मार्कोस यांच्या सरकारने त्या वर्षी कामगार कायदा केला आणि माणसे बाहेर पाठवण्याचे काम सरकारनेच अंगावर घेतले. देशात उद्योग उभे राहीपर्यंतची ही तात्पुरती सोय, असे तेव्हा मानले गेले होते. त्या तात्पुरत्या सोयीला २०२४ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली!

सुरुवातीला पुरुष गेले. पुढे घरकामाला, इस्पितळांत बायकांना मागणी आली, आणि आता बाहेर गेलेल्या सुमारे २० लाख कामगारांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. जगातल्या जहाजांवर पाहावे तर तिथेही फिलिपिनो खलाशी. या सगळ्यांनी २०२३ मध्ये बँकांमार्फत घरी पाठवलेला पैसा साडेतेहतीस अब्ज डॉलरच्या घरात होता. देशाच्या एकूण उत्पादनाच्या साडेसात टक्क्यांहून थोडा अधिक! कोकणातली घरे एके काळी मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत, हे आपण ऐकले आहे, काहींनी भोगलेही आहे. तिथे सबंध देशच मनीऑर्डरीची वाट पाहतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आम्ही २०१३ ते २०१७ हाँगकाँगला होतो. यजमानांची नोकरी तिकडे होती. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक फिलिपिनो बाई कामाला होती. वय त्रेचाळीसच्या आसपास, बुटकी, हसतमुख, केस घट्ट बांधलेले. तिला सगळ्याजणी 'आते' म्हणत. मला आधी वाटले, ही कोणाची तरी आत्या असावी! मग कळले की त्यांच्या भाषेत थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. मग मीही तिला आतेच म्हणू लागले. ती मात्र मला 'माम' म्हणे. मी कितीदा सांगितले, "अगं, नावाने हाक मार." ती हसून म्हणायची, "येस, माम!"

पहिल्या रविवारी बाजाराला म्हणून शहराच्या मध्यभागी गेले आणि थक्क झाले. मोठमोठ्या बँकांच्या दाराशी, पुतळ्याच्या चौकात, वाहनांना बंद केलेल्या रस्त्यावर, पुलाखाली, हजारो बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या! कोणी डबा सोडला आहे, कोणी पत्ते खेळते आहे, कोणी मैत्रिणीचे केस कापते आहे, कोणी प्रार्थना म्हणते आहे, कोणी नाचाची तालीम करते आहे. मी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. तिथल्या नियमाप्रमाणे परदेशी मोलकरणीला मालकाच्याच घरी राहावे लागते. तिला स्वतःचे असे बिऱ्हाड नाही. आठवड्याची एक सुट्टी मात्र कायद्याने मिळते. मग त्या सुट्टीत जायचे कुठे? म्हणून हा रस्ता.

करार २ वर्षांचा. तो संपला किंवा मोडला, की १४ दिवसांत गाशा गुंडाळायचा. इतर परदेशी माणसांना तिथे ७ वर्षे राहिल्यावर कायमच्या वास्तव्याचा हक्क मागता येतो; यांना मात्र वीस वर्षे राबूनही नाही. याविरुद्ध काहीजण न्यायालयात गेले होते, पण २०१३ मध्ये शेवटच्या न्यायालयाने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. म्हणजे बघा, 'राहायचे की परतायचे' असा प्रश्न आपल्या मुलांपुढे असतो तसा या बायकांपुढे नसतोच. परत जायचे हे ठरलेलेच. प्रश्न एवढाच, की केव्हा, आणि कोणत्या घरी?

आते पूर्वी शाळामास्तरीण होती. तिच्या गावच्या शाळेत चौथीला शिकवीत असे. हे मला सहा महिन्यांनी कळले, तेही तिने शेजारच्या मुलीची गणिते तोंडी सोडवून दिली तेव्हा. १९९८ साली ती निघाली, कारण हाँगकाँगच्या मोलकरणीचा पगार तिच्या शाळेच्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट होता आणि जेवणखाण वेगळे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. मुले आजीपाशी ठेवली. ठरले होते चार वर्षांचे: घरावर पक्के छप्पर आले, की परत!

छप्पर आले. मग मुलीची शाळा, मग सासऱ्यांचे आजारपण, मग दिराच्या मुलाची फी. त्यांच्याकडे 'उतांग ना लोओब' म्हणून एक कल्पना आहे. मनातले ऋण, असा तिचा अर्थ. ज्याने आपल्यासाठी काही केले, त्याचे देणे पैशाने फिटत नाही, जन्मभर लक्षात ठेवायचे. कल्पना थोर आहे. पण जी बाहेर गेली तिच्या डोक्यावर सगळ्या गावाचे ऋण बसते. तिने नाही म्हटले, की ती कृतघ्न!

आणि ते खोके! आपल्याकडे दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतात, त्यांचे उलटे. महिनोन् महिने एकेक वस्तू जमवून मोठे पुठ्ठ्याचे खोके भरायचे: साबण, कॉफी, डबाबंद मांस, टॉवेल, चॉकलेट. मग ते बोटीने घरी जाते. त्याला 'बालिकबायान' खोके म्हणतात. बालिक म्हणजे परतणे, बायान म्हणजे आपला गाव, आपला देश. माणसाला परतता येत नाही, म्हणून खोके परतते. आतेने मला सांगितले, की मुलगा लहान असताना आजी त्याचे पाऊल कागदावर ठेवून आखून पाठवीत असे. त्या मापाचे बूट ती घ्यायची. खोके पोहोचेपर्यंत पाऊल वाढलेले असे. पुढे ती शहाणी झाली आणि दोन बोटे मोठे बूट घेऊ लागली. हे सांगताना ती हसत होती. मला हसू आले नाही.

इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. एकदा अशीच ती मुलांविषयी बोलत होती, आणि मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "आते, पैसा काय, आज आहे उद्या नाही. तू आता घरी जा. मुलांना आई हवी." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माम, मी गेले होते."

ती २००६ साली परत गेली होती. साठवलेल्या पैशांतून घराच्या पुढच्या पडवीत तिने 'सारी-सारी' दुकान घातले. सारी-सारी म्हणजे सटरफटर, आपल्याकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानासारखे. मीठ, तेल, साबण, एकेक सिगारेट. बाहेरून परतलेल्या बहुतेकजणी तेच करतात, आणि एका गल्लीत अशी सहा सहा दुकाने होतात. गिऱ्हाईक म्हणजे नातेवाईक आणि शेजारी. हाँगकाँगहून आलेल्या बाईकडे उधारी मागायला कोणाला संकोच वाटणार? आठ महिन्यांत फळ्या रिकाम्या झाल्या आणि वही भरली. इकडे दहा वर्षांचा मुलगा आजीला 'आई' म्हणे आणि हिला नावाने हाक मारी. रात्री भूक लागली तर आजीच्या खोलीत जाई. "दुकान बुडाले त्याचे मला वाटले नाही," ती म्हणाली, "पण माझ्याच घरात मी पाहुणी होते. पाहुणीने किती दिवस राहायचे? नवा करार केला आणि आले."

पुढे मला काही बोलता आले नाही. उपदेश करणे फार सोपे असते, भगिनींनो. आमची परतण्याची तारीख ठरली तेव्हा कंपनीने तिकिटे दिली, सामान बांधायला माणसे दिली, आणि इथे आमचे घर कुलूप लावून व्यवस्थित ठेवलेले होते. माझे परतणे आणि तिचे परतणे यांना एकच शब्द वापरावा की नाही, याचा मला आजही संशय आहे.

ही तिची एकटीचीच कथा नाही. २००० साली तिकडे 'अनाक' नावाचा चित्रपट आला. अनाक म्हणजे अपत्य. हाँगकाँगहून परतलेली आई आणि तिला परकी मानणारी मुले, असा त्याचा विषय. आते म्हणे, "तो मी एकदाच पाहिला. दुसऱ्यांदा बघायची छाती नाही."

पण सगळ्याजणी परतीसाठी झुरतात असे समजू नका. रविवारच्या त्या पुठ्ठ्यांवर एक होती, तिशीची, गाणे सुरेख म्हणायची. तिचा नवरा दारू पिऊन मारझोड करी. मुस्लिम समाज सोडला तर त्या देशाच्या कायद्यात घटस्फोटाची सोय नाही. विवाह रद्दबातल ठरवून घेण्याची वाट आहे, पण ती खर्चाची आणि वेळखाऊ. ती म्हणाली, "मला सगळे विचारतात, घरी कधी जाणार. घरी काय होते ते कोणी विचारत नाही. इथे खोली माझी नाही, पण रात्री मी शांत झोपते." पोटासाठी बाहेर पडलेली बाई कधी कधी पोटापेक्षा मोठे काहीतरी घेऊन बसलेली असते. तिला 'परत ये' म्हणणे म्हणजे प्रेमच असते असे नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेर सगळे सुखरूप असतात असेही नाही. १९९५ साली फ्लोर कोन्तेम्प्लासियोन या मोलकरणीला सिंगापूरमध्ये खुनाच्या आरोपावरून फाशी झाली. ती निर्दोष आहे असे तिच्या देशातल्या असंख्य लोकांना वाटत होते; सबंध देश हळहळला, संतापला. त्याच वर्षी जूनमध्ये परदेशी कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका मोलकरणीचे प्रेत शीतपेटीत सापडले आणि फिलिपीन्सने तिकडे माणसे पाठवणे काही काळ थांबवले. १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझोन आकिनो यांनी हाँगकाँगच्या मोलकरणींपुढे बोलताना त्यांना देशाच्या वीरांगना म्हटले होते. आते यावर म्हणायची, "वीरांचे पुतळे उभारतात, माम. आम्हाला नुसती नोकरी दिली असती तरी चालले असते."

आम्ही भारतात परतण्यापूर्वी आठ दिवस फिलिपीन्स पाहून आलो. मनिलाच्या दक्षिणेस बातांगास प्रांतात माबिनी नावाचा गाव आहे. तिथली कितीतरी माणसे इटलीत कामाला असतात. डोंगरउतारावर इटालियन धाटणीची, खांबांची, गच्च्यांची टोलेजंग घरे. आणि बहुतेकांना कुलपे! एखाद्या घरात म्हातारा-म्हातारी, नाहीतर राखणदार. आमच्या गाडीवानाची गाडी म्हणजे तिकडची रंगीबेरंगी जीपनी. तिच्यावर लिहिले होते, 'कातास नं साउदी'. मी अर्थ विचारला. "सौदीचा रस," तो म्हणाला. "अकरा वर्षे वाळवंटात पिळून निघालो, त्यातून ही गाडी निघाली." तो परतला होता, आणि समाधानी दिसला. त्याने एकच सांगितले: "मी पैसे बायकोकडे पाठवले आणि गाडीचा हिशेब दोघांनी जाण्याआधीच केला होता. जाण्याआधी ठरवले नाही, तर परतण्याचा दिवस येत नाही."

हे वाक्य मला सगळ्या अहवालांहून शहाणे वाटले. तिकडच्या जाणत्या संस्थाही आता हेच सांगतात. लागुना प्रांतात सान पाब्लो इथे 'आतिखा' नावाची संस्था १९९६ पासून काम करते. बाहेर गेलेल्या माणसाने आणि घरी राहिलेल्या माणसांनी मिळून बचत कशी करावी, परतीचा बेत कसा आखावा, मागे राहिलेल्या मुलांशी कसे बोलावे, हे ती शिकवते. मिळवणारी एक आणि खर्च करणारे दहा असले, की परतीची तारीख ते दहाजण पुढे ढकलतात, मिळवणारी नव्हे. म्हणून शिकवायचे ते दोघांनाही.

आता आतेचे पुढे काय झाले ते सांगते. त्या सुमारास त्यांच्या सरकारने एक योजना काढली होती. परदेशी मोलकरीण म्हणून राबणाऱ्या, पण शिक्षकाचा परवाना असलेल्या बायकांना परत आणून सरकारी शाळांत नेमायचे. योजनेचे नावच मोठे गमतीचे. त्याचा अर्थ, 'फिलिपीन्समध्ये माम आणि सर तुम्हीच!' आतेने ते नाव मला वाचून दाखवले आणि गप्प झाली. चार वर्षे ती मला माम म्हणत होती. मी म्हणाले, "आता मी तुला माम म्हणेन." ती लाजली. मग पुस्तके काढून रात्री मालकीणबाई झोपल्यावर स्वयंपाकघरात अभ्यासाला बसू लागली.

२०१८ मध्ये ती गेली आणि शाळेत लागली. पगार कमीच. २०२४ मध्येही फरक होता: त्या वर्षी सप्टेंबरात हाँगकाँगच्या मोलकरणीचा किमान पगार ४,९९० डॉलर ठरला, म्हणजे सुमारे ३६,००० पेसो, आणि तिकडच्या सरकारी शाळेतल्या नव्या शिक्षिकेला तेव्हा मिळत होते २८,००० च्या आसपास. पण १९९८ सारखा दुपटीचा फरक आता राहिला नाही. मागच्या वर्षी मी तिला विचारले, सुखात आहेस ना? तिचे उत्तर मी तुम्हाला जसेच्या तसे सांगते.

"माम, वर्गात चाळीस मुले मला माम म्हणतात. त्यांचे पालक मीटिंगला येतात तेव्हा अर्ध्या मुलांच्या आज्या येतात. मी त्या आज्यांना ओळखते. माझी मुलगी नर्स झाली, मागच्या जूनमध्ये ती सौदीला गेली. तिची दोन वर्षांची मुलगी माझ्याजवळ आहे. मी माझ्या मुलाला सोडून गेले तेव्हा तो एवढाच होता. ती मला आई म्हणायला लागली, तेव्हा मी तिला थांबवले. रोज रात्री मुलीचा फोन आला की मी नातीला सांगते, ही तुझी आई, मी लोला. लोला म्हणजे आजी. एवढे एक मला करता येते, ते मी करते."

भगिनींनो, परदेशची नोकरी बरी की घर बरे, याचा निकाल मी देणार नाही. माझ्या निकालाची किंमत आतेने मला एकदा दाखवून दिली आहे. पण आपल्या हातातल्या दोन-तीन गोष्टी सांगते आणि बसते.

ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी 'कधी येणार' हे जरूर विचारावे. पण 'आल्यावर काय करणार, आणि आम्ही त्यासाठी इथे काय ठेवू' हेही विचारावे. आणि आजी म्हणून नातवंडे सांभाळत असाल, तर त्या लोलाप्रमाणे नातवंडाच्या तोंडी आईचे नाव राहू द्या.

दुसरी गोष्ट आपल्या दाराशीच आहे. आपल्या चार इमारतींत म्हाताऱ्यांची सेवा करायला, मुले सांभाळायला दूरदूरच्या गावांहून आलेल्या, चोवीस तास राहणाऱ्या निदान पंधराजणी असतील. कोणी मराठवाड्यातली, कोणी झारखंडची. त्यांचीही मुले कोणाच्या तरी आजीपाशी आहेत. त्यांना आठवड्याची एक सुट्टी मिळते का, याची चौकशी आपण कधी केली आहे? मी केली नव्हती. माझ्या सासूबाईंजवळ असलेल्या बाईला मी गेल्या वर्षापासून रविवार देते आहे. पहिल्या रविवारी तिने विचारले, "बाई, सुट्टी दिलीत, पण जाऊ कुठे?" मला हाँगकाँगचे पुठ्ठे आठवले.

आपल्या मंडळाची ही खोली रविवारी दुपारी कुलूपबंद असते. पंखा आहे, सतरंजी आहे, पाण्याची सोय आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे असते. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा अशी मी त्यांना विनंती करते, आणि पहिले तीन महिने रविवारी दार उघडायला मी येईन असे सांगते.